मी कशानं मेले ते सांगा

बाई आमच्याकडं राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांना टीबी झाला.

आई अंगणात सडा टाकत होती. पुढच्या दोन खोल्या आम्ही त्यांना भाड्यानं दिल्या होत्या, तिथून असा खोकला आला की आईच्या हातातली बादली सुटली. खोल, ओला, मध्येच दम घेऊन पुन्हा उसळणारा. आईनं घाईघाईनं अडुळशाचा काढा केला आणि नेऊन दिला. बाईंनी तो घटाघटा पिऊन टाकला, पदरानं ओठ टिपले आणि विचारलं, "कसा होता?"

"पिला तुमी, अन् इचारता मला व्हय?" आई म्हणाली.

"काढा न्हाई हो, खोकला. रस्त्यापर्यंत गेला का?"

रस्त्यापर्यंत गेला होता. समोरच्या किराणावाल्यानं "कोन आजारी हाय?" म्हणून चौकशी केली होती. ते ऐकून बाई खूश झाल्या. गाणारे लोक सकाळी उठून सूर लावतात, बाई खोकत. त्यांच्याकडं सहा खोकले होते. टीबीचा, दम्याचा, सावकाराचा, सुनेला दारात उभं बघून द्यायचा, विष घेतल्यावरचा आणि मरता मरता गुपित सांगायचं राहून जातं तेव्हाचा. हा शेवटचा सगळ्यांत अवघड, असं त्यांचं म्हणणं. गुपिताचं पहिलं अक्षर ऐकू आलं पाहिजे आणि दुसरं येता कामा नये.

मी आष्टीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. दिवसभर आपणच बोलायची सवय असल्यामुळं घरी दुसरं कुणी आवाज चढवलेला मला खपत नाही. पहिला महिनाभर मी आईच्या कानीकपाळी ओरडत होते की या बाईंना दुसरीकडं खोली बघायला सांग. आईनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. तिची कारणं होती, ती पुढं सांगते.

बाई सिनेमात काम करायच्या. पोस्टरवर मोठा चेहरा असतो ती नटी वेगळी. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी चार डोकी असतात, त्यांतलं तिसरं डोकं बाईंचं. जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमांपासून टीव्हीवरच्या मालिकांपर्यंत चाळीसेक वर्षं त्यांनी काम केलं आणि जिथं गेल्या तिथं मेल्या. कधी बाळंतपणात, कधी विहिरीत, कधी साप चावून, पण मध्यंतराच्या आत नक्की. नायकाला सूड घ्यायला काहीतरी कारण लागतं, ते कारण बहुतेक वेळा बाई असत. त्यामुळं त्यांचा भूगोल वेगळाच होता. कुठल्याही गावाचं नाव निघालं की त्या तिथलं आपलं मरण सांगत. "भोर ना? भोरला मी दोनदा बुडाले." "पन्हाळ्यावरून मला ढकललं." "वाईला घाटावर माझी तिरडी बांधली, तर उचलणारातला एकजण ठेचकाळला अन् शिवी देऊन बसला. परत बांधली."

मेल्यावर त्यांना लगेच एसटीत बसवून दिलं जाई. आपलाच सिनेमा बघायला गेल्या तरी स्वतःचं मरण झालं की त्या तंबूतून उठून बाहेर येत. "आपलं काम संपलं. आता त्या दोघांचं लगीन लागंल न्हाईतर ऱ्हाईल, मला काय करायचंय?" असं म्हणत. म्हणजे आपल्या एकाही सिनेमाचा शेवट काय झाला हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा मेथी निवडताना त्यांनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, शेवटाला 'समाप्त' येतंय तवा लोक टाळ्या वाजवतेत का गुमान उठतेत?"

"उठतात आणि चपला शोधतात," मी म्हणाले.

त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "एकदा तरी मला शेवटापर्यंत ऱ्हायचंय. बोलाया दिलं न्हाई तरी चालंल. मागं कुठंतरी नुसतं हुबं केलं तरी चालंल. पण शेवटापर्यंत."

सत्तरी ओलांडलेल्या बाईची एवढीशी इच्छा ऐकून मला पहिल्यांदा त्यांच्याविषयी माया वाटली. खोली सोडा म्हणायचं मी त्या दिवसापासून बंद केलं.

आईची माया मात्र फार जुनी. तिचं माहेर कपिलधारच्या अलीकडं. ती परकर नेसत होती तेव्हा तिथं सिनेमाचे लोक आले होते. धबधब्यातून देवी प्रकट होते असा प्रसंग होता आणि तरुणपणीच्या बाई देवी झाल्या होत्या. जागा ठरवणाऱ्यानं धबधबा पाहिला होता श्रावणात आणि मंडळी आली वैशाखात. कड्यावरून थेंब पडेना. दोन दिवस सगळे वर मान करून बसले. शेवटी कुठून तरी पाण्याचा टँकर मिळवला, तो डोंगरावर चढवला आणि वरून पाणी सोडलं.

पाणी आलं ही बातमी आमच्याकडं कुणाला सांगावी लागत नाही. देवी डोळे मिटून हात उचलते आहे आणि तिच्या मागं पंधरा-वीस बाया हंडे घेऊन धबधब्याखाली. दिग्दर्शक ओरडला, त्याची माणसं बायांना हुसकायला धावली. बाई मुकुट सावरत मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी हंडे भरू द्या. मग मी प्रकटते." टँकर हंड्यांतच संपला. दुसरा काही मिळाला नाही, म्हणून जे चित्रण झालं होतं तेच सिनेमात गेलं. देवी प्रकट होते आणि बाया पाणी भरतात. तंबूत लोकांनी चपला बाहेर काढून नारळ फोडले. त्या हंडेवाल्यांत माझी आई होती. देवीसुद्धा मध्यंतराच्या आतच अंतर्धान पावली, हे सांगायला नकोच.

म्हणून बाई खोली बघायला आल्या तेव्हा आईनं आधी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. पुढं दर शुक्रवारी खणानारळानं ओटी. बाई तंबाखू मळत बसलेल्या असायच्या, त्या हात झटकायच्या आणि पदर पसरायच्या.

"अगं, मी देवी न्हाई," त्या सुरुवातीला म्हणाल्या.

"ते मला ठावं हाय," आई म्हणाली. "पन पानी आलतं न्हवं?"

बाईंनी नारळ पदरात घेतला.

माझ्या वहिनीचं सगळंच उलटं. दादा ट्रकवर असतो, महिन्यातले चार दिवस घरी. बाकीचे दिवस वहिनीला मालिकांचा आधार. तिनं बाईंना पाहिलं ते एका मालिकेतल्या काकीसाहेब म्हणून. या काकीसाहेबांनी सुनेच्या दुधात काहीबाही कालवलं होतं आणि तिची कागदपत्रं चुलीत घातली होती. वहिनी बाईंच्या हातचं पाणीही प्यायची नाही. "आत्याबाई, तुमी त्यांना देवी म्हना न्हाईतर कायबी म्हना," ती आईला सांगे, "म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

बाजारात हीच तऱ्हा. म्हातारी भाजीवाली बाईंच्या पाया पडून कोथिंबिरीची जुडी हातात ठेवी आणि शेजारी बसलेली तिची सून ती जुडी काढून घेऊन किडकी वांगी पुढं करी. "काकीसाहेब, त्या गरीब पोरीला कावून छळलं वो तुमी?"

"लिवलं होतं तेवढंच छळलं," बाई म्हणत. "माझ्या मनानं एक चापट जास्त मारली न्हाई."

कॉलेजच्या पोरांची आणखी तिसरीच भक्ती. काकीसाहेब खोलीतून जाताना दारात थांबायच्या, मान अर्धी वळवायच्या, डावी भुवई वर चढवून मागं बघायच्या आणि वीज कडाडायची. पोरांनी तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरवला होता. निकाल लागला, गॅस संपला, पाहुणे जेवायला थांबले की तोच चेहरा. बाई तसं घरीही करीत. दळण आणायला निघाल्या तरी दारात थांबायचं, मान वळवायची, भुवई चढवायची. आई दरवेळी छातीवर हात ठेवायची. शिवाय कुठंही गेल्या तरी उजेड शोधायच्या. रेशनच्या रांगेत माणसांना "जरा सरका, तोंडावर सावली पडती" म्हणून बाजूला करायच्या. फोटो कुणी काढत नाहीये असं मी म्हणाले तर म्हणायच्या, "काढत न्हाईत म्हणून काय अंधारात हुबं ऱ्हायचं?"

मालिकेतही त्यांना शेवट काही मिळाला नाही. एके दिवशी दुपारी जेवणाची सुटी झाली. "जेवाया गेले आन् परत आले तर सात वर्सं झालती," बाई सांगत. मालिकेची गोष्ट सात वर्षांनी पुढं नेली होती आणि त्या सात वर्षांत केव्हातरी काकीसाहेब वारल्या होत्या. बाईंच्या ताटातला भात तेवढा अजून गरम होता.

आमच्याकडं येऊन वर्ष झालं असेल, एक दिवस मुंबईहून फोन आला. नवी मालिका होती. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईचं काम होतं आणि ते पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत असणार होतं. पलीकडची मुलगी एवढंच बोलली, बाकीचं उद्या कळवते म्हणाली. बाईंनी दोनदा विचारून घेतलं, "शेवटच्या भागापर्यंत ना?" मग गल्लीत पेढे वाटले. किराणावाल्याला वाटले, भाजीवाल्या सुनेला वाटले, वहिनीनंही एक घेतला आणि वास घेऊन खाल्ला. त्या दिवशी बाई खोकल्याच नाहीत, लावणी म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीचा पुन्हा फोन आला. यायची गरज नाही, म्हणाली. मोठा फोटो पाठवून द्या. मालिकेतली आजेसासू गोष्ट सुरू व्हायच्या आधीच वारलेली आहे, दिवाणखान्याच्या भिंतीवर तिचा फोटो असेल, हार घातलेला.

बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दोन दिवस आमच्या घरात खोकला नव्हता. कधीकाळी मी जी शांतता मागत होते ती मिळाली आणि मला ती सहन होईना. आई दाराला कान लावून उभी राहायची. मला त्या मुंबईच्या लोकांचा संताप आला होता आणि बाईंनी पेढे वाटले हे आठवून रडू येत होतं. वहिनी चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "जित्या मान्साला भितीवर टांगतेत, मुडदे!"

तिसऱ्या दिवशी सकाळी सावकाराचा खोकला ऐकू आला. दार उघडलं. बाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मुंबईला फोन लावा."

मी लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मी कशानं मेले?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे, मॅडम?"

"फोटोला हार हाय म्हंजी मेले असणार. कशानं मेले ते सांगा."

"ते अजून ठरलं नाहीये, मॅडम. स्टोरी पुढं गेली की ठरेल."

"मग मी बघू कशी? तापानं मेलेली बाई येगळी बघती, विहिरीत पडलेली येगळी बघती. सुनंवर राग हाय का माझा? चाव्या कुनाला दिल्यात?"

"मॅडम, साधा नॉर्मल फोटो हवाय."

"नॉर्मल बाईचा फोटो तुमी भितीवर कावून लावताल?" असं म्हणून बाईंनी फोन ठेवायची खूण केली. मग आमच्याकडं वळल्या. "त्यांचं ठरलेलं न्हाई. आपुनच ठरवू."

स्वयंपाकघरात बैठक बसली. आई म्हणाली, झोपेत गेल्या असं ठरवा, पुण्यवान माणूस तसंच जातं. बाईंनी तोंड वाकडं केलं, झोपेत मेलेल्या बाईला बघण्यासारखं काही उरत नाही. वहिनी म्हणाली, "सुनंनं दुधातून दिलं असंल," आणि लगेच जीभ चावली. बाईंनी डोळे मिटले, पाटावर बसल्या बसल्या हळूच खोकल्या. सहावा खोकला. "गुपित सांगायचं राह्यलं," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं, पयलं अक्षर निघालं आन् मेले." आम्ही तिघींनी एकदम विचारलं, "कसलं गुपित?" बाई समाधानानं हसल्या आणि पातळ बदलायला गेल्या.

फोटो स्टुडिओवाले चाचा बसस्टँडजवळ असतात. आधार कार्डाचे, शाळेचे आणि लग्नाचे फोटो काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी बाईंना स्टुलावर बसवलं. "मौसी, जरा मुस्कुराव. ऊपर गेलेले सगळे फोटोत हसतेच हैं."

"म्हणूनच त्यांच्याकडं कुनी बघत न्हाई," बाई म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्या.

त्यांना फोटो दारात हवा होता, जाता जाता वळलेला. चाचांनी जन्मात पाठमोऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो काढला नव्हता. बाई दारातून दहा वेळा गेल्या आणि दहा वेळा वळल्या. मी चंदनाचा हार धरून उभी होते, कारण हार डाव्या भुवईवर येतो का ते आधी बघायचं होतं. येत होता. मग फोटोत वर जास्त जागा सोडायची असं ठरलं. चाचांनी शेवटचा फोटो बघून घाम पुसत विचारलं, "मौसी, पन बोलना क्या चाहती हैं आप?" बाई म्हणाल्या, "आला फोटो. हाच ठेवा."

चाचा मोठा चोख माणूस. त्यांनी एक प्रत मुंबईला पाठवली आणि दुसरी काचेच्या चौकटीत घालून, हारासकट, स्वतः आमच्या घरी आणली. मी शाळेत, आई देवळात, वहिनी गच्चीवर पापड घालत होती, बाई गिरणीवर. चाचांनी हाका मारल्या, ओट्यावर खुर्ची होती तिच्यावर फोटो नीट उभा केला आणि नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेले.

मी शाळेतून आले तर किराणावाल्यानं शटर अर्धं ओढलेलं. ओट्यापुढं निम्मी गल्ली. म्हातारी भाजीवाली छाती पिटत होती, "देवी गेली वं माय!" तिची सून तिला धरून म्हणत होती, "गेलेल्याला नावं ठिवू नै, पन सुनंचे तळतळाट लागतेतच." कॉलेजची पोरं चौकात लावायच्या बॅनरसाठी फोटोचा फोटो घेत होती. सकाळी तर बाई ठणठणीत होत्या, दमा करत होत्या.

तेवढ्यात पिठाचा डबा काखेत घेऊन बाई माझ्यामागून आल्या. डबा खाली न ठेवता त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं, "कोन गेलं वं?"

"काकीसाहेब," तो मागं न बघता म्हणाला.

"कशानं?"

"खोकला लई होता त्यास्नी. पार रस्त्यापर्यंत यायचा."

असा आनंद मी बाईंच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. त्या गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढल्या, फोटोशेजारी उभ्या राहिल्या आणि उजेड कुठून येतोय ते बघून अर्धं पाऊल डावीकडं सरकल्या. म्हातारी भाजीवाली जागीच आडवी झाली आणि उठली ती नारळ आणायला पळाली. किराणावाल्यानं शटर वर केलं. आई देवळातून आली, तिनं जिवंत माणसाच्या फोटोला हार बघितला आणि सगळ्या गल्लीसमोर तो ओरबाडून काढला. मीठमोहऱ्यांनी आधी बाईंची, मग फोटोची दृष्ट काढली.

तो फोटो आमच्या भिंतीवर अजून आहे. बाई खरोखरच्या गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. दसऱ्याला आई घरातल्या सगळ्या फोटोंना, शिलाईमशीनला, दादाच्या ट्रकला झेंडूचे हार घालते. बाईंचा फोटो नुसता पुसून ठेवते. झेंडूच्या जाड हारानं भुवई झाकती म्हणते.

बाई होत्या तेव्हाच ती नवी मालिका तीन वर्षं चालली. संध्याकाळी साडेसातला आमच्या गल्लीत कुणी कुणाकडं जात नसे. नायिका लग्नानंतर बदलली, त्याच नावानं दुसरीच मुलगी येऊन स्वयंपाक करू लागली. सासरे दोनदा वारले. गोष्ट एकदा पाच वर्षं पुढं गेली, भिंती पिवळ्याच्या निळ्या झाल्या. फोटो तिथंच. माणसं भांडत असली तरी लोक त्यांच्या डोक्यावरून मागं बघायचे. "म्हातारीला कायतरी सांगायचं होतं," असं बाजारात बोलणं व्हायचं. पुढं पुढं मालिकेतली माणसंही अडचण आली की फोटोसमोर येऊन विचारू लागली, "आईसाहेब, काय सांगायचं होतं तुम्हाला?" बाई खाटेवर बसून तंबाखू मळत बघायच्या आणि कुणाला काही सांगायच्या नाहीत.

शेवटच्या भागाला आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चाचा आले होते, किराणावाला आला होता, भाजीवाली सासू आणि सून एका सतरंजीवर होत्या. बाईंना मधोमध खुर्ची. टीव्हीवर सगळं कुटुंब एकत्र फोटो काढायला बसलं. त्यांत पहिल्या भागातलं एकही माणूस उरलं नव्हतं. फोटो काढणार तेवढ्यात धाकटी सून उठली, तिनं भिंतीवरून आईसाहेबांना उतरवलं, हार काढून ठेवला आणि चौकट मधोमध घेऊन बसली. भुवई तशीच चढलेली. तोंडात पहिलं अक्षर. मग पडदा काळा झाला आणि अक्षरं आली, 'समाप्त'.

आमच्याकडची माणसं ती, उठली आणि चपला शोधू लागली.

तेव्हा वहिनीनं टाळी वाजवली. एकटीनंच, जोरात, डोळ्यांतलं पाणी न पुसता. मग चाचांनी वाजवली, मग आईनं, मग हातात चपला घेतलेल्यांनीही वाजवली.

बाई टीव्हीकडं बघत होत्या. तिथं आता साबणाची जाहिरात लागली होती. "असं असतंय व्हय," त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दाराकडं निघाल्या.

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. आईनं सवयीनं छातीवर हात ठेवला होता. पण बाई दारात थांबल्या नाहीत. मान वळवली नाही, मागं बघितलं नाही, सरळ आपल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येऊ लागला. तीनचार वर्षं मी त्या भिंतीपलीकडचे सगळे आवाज ऐकले होते. हा रियाजातला नव्हता.